तळ्यावरची पाळी आणि मूल्यमापनाचा तक्ता

सरकारी योजनेचे मूल्यमापन हा विषय आपल्याकडे साधारणपणे योजनेच्या शेवटच्या वर्षी आठवतो. निधीचा पुढचा टप्पा हवा असतो, वरून अहवाल मागितला जातो, मग एक छोटी समिती नेमली जाते आणि तिच्या हाती एक छापील तक्ता दिला जातो. नोकरीच्या काळात अशा समित्यांवर मी अनेकदा काम केले. शाळा, पाणलोट, बचतगट असे त्यांचे विषय असत. त्यातले एक काम मात्र मासेमारीचे होते आणि ते चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडी तालुक्यात होते. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावर ठाऊक असते, गुम्मिडिपूंडी सहसा नसते. चेन्नई सेंट्रलच्या बाजूने उत्तरेकडे सुटणाऱ्या लोकल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या पाटीवर हे नाव असते. पण तिकडे जाणारे लोक बहुतेक तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीतले कामगार असतात. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची एक मोठी छावणीही याच गावात आहे. स्टेशनपासून आणखी उत्तरेला गेले की आरंबाक्कम लागते आणि त्यापुढे आंध्र प्रदेशची हद्द. पूर्वेला वळले की जमीन सपाट आणि पांढुरकी होत जाते आणि अचानक पाणी दिसू लागते. हे पुलिकत सरोवर. तमिळमध्ये त्याला पळवेरकाडु म्हणतात. चिलिकाच्या खालोखाल आपल्या देशातले हे दुसरे मोठे खाऱ्या पाण्याचे सरोवर. त्याचा बराच मोठा भाग आंध्रात आहे आणि दक्षिणेकडचा लहान भाग तामिळनाडूत. समुद्र आणि सरोवर यांच्या मध्ये श्रीहरिकोटा बेट आहे. उपग्रह सोडण्याच्या दिवशी मच्छीमारांना समुद्राच्या ठरावीक पट्ट्यात जायला बंदी असते. एरवी मात्र त्या बेटाचे आणि किनाऱ्यावरच्या गावांचे फारसे देणेघेणे नाही.

पाण्याची खोली सरासरी जेमतेम मीटर-दीड मीटर. दक्षिणेकडून आरणी नदी येते, वायव्येकडून कालंगी. इंग्रजांच्या काळातला बकिंगहॅम कालवा याच पाण्यातून गेलेला आहे. समुद्राकडे उघडणारे मुख खुले असले की कोळंबीची पिल्ले आत येतात, वाढतात आणि पुन्हा समुद्राकडे निघतात. त्या परतीच्या वाटेवर जाळे लावणे हा इथला मुख्य धंदा. मुख वाळूने बुजले की पाणी खारट होत जाते, उन्हाळ्यात आटते आणि धंदा बसतो. ही एवढी भौगोलिक माहिती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा वाद याच मुखाशी येऊन थांबतो.

आता आमच्या कामाबद्दल. किनाऱ्यावरच्या गावांमध्ये एका योजनेखाली मच्छीमारांच्या समित्या स्थापन झाल्या होत्या. उद्देश 'सहव्यवस्थापन'. म्हणजे कोणी, कुठे, केव्हा आणि कोणत्या जाळ्याने मासे धरायचे याचे नियम सरकारने एकट्याने न करता मच्छीमारांबरोबर बसून करायचे आणि अंमलबजावणीचीही वाटणी करून घ्यायची. कल्पना चांगली आहे आणि तिच्यामागे व्यवहारही आहे. शेतात तलाठी उभा राहू शकतो, पण पाण्यावर कोणाला उभे करणार? तामिळनाडूचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८३ चा आहे, महाराष्ट्राचा त्याच्याही आधीचा, १९८१ चा. तामिळनाडूच्या नियमांप्रमाणे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत ट्रॉलरने येऊ नये. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून यांत्रिक नौकांना बंदी असते. ही बंदी पूर्वी ४५ दिवसांची होती, आता ६१ दिवसांची आहे. बंदरात नौका मोजता येतात म्हणून ही बंदी बऱ्यापैकी पाळली जाते. तीन मैलांचा नियम कितपत पाळला जातो, हे कोणत्याही किनाऱ्यावर कोणत्याही कोळ्याला विचारावे.

आमच्या तक्त्यात रकाने होते : समिती स्थापन झाली का, वर्षात किती बैठका झाल्या, सदस्यांत महिला किती, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी किती, नौकांची नोंदणी किती टक्के, प्रशिक्षण किती जणांना. शेवटी एक रकाना होता, 'मत्स्योत्पादनातील वाढ'. प्रत्येक रकान्याला गुण, आणि गुणांच्या बेरजेवरून समिती 'उत्तम', 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक'. असमाधानकारक ठरलेल्या समितीचा निधी थांबणार होता आणि तिची मान्यताही जाणार होती. मान्यता गेली की आठवड्याच्या बैठकीला बोलावणे बंद, आणि मुखाचा गाळ कधी काढायचा यात गावाचा शब्द उरणार नाही. निधी फारसा नव्हता. पण त्या शब्दाची किंमत गावाला होती.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही नोंदवह्या पाहिल्या. बैठका पुरेशा होत्या, सह्या होत्या, फोटो होते. गुण चांगले पडत होते. तिसऱ्या दिवशी मी बरोबरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला म्हटले, आज वही नको, पाण्यावर जाऊ.

तिथे मला 'पाडू' नीट समजला. त्याचे नाव आधी ऐकले होते. पाडू म्हणजे जाळे लावण्याची ठरलेली जागा. पाडूची मूळ गावे सरोवराच्या मुखाजवळ, शेजारच्या पोन्नेरी तालुक्याच्या बाजूला आहेत आणि ती पट्टिनवर या मासेमार जातीची आहेत. सुत्तुवलै नावाचे, खुंटांवर उभे करायचे जाळे कोळंबीच्या वाटेवर लावतात. चांगल्या जागा थोड्या आणि हक्कदार पुष्कळ. म्हणून जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात आणि गावागावांत दिवसांच्या पाळ्या लावतात. आज ज्याला उत्तम जागा मिळाली त्याला पुढच्या वेळी साधी जागा मिळेल. पाळी ठरली की तिथे दुसऱ्याने जाळे टाकायचे नाही. कोणी टाकलेच तर गावाची पंचायत दंड करते, आणि दंड भरला जातो. या पद्धतीला सरकारी कायद्याचा आधार नाही. तिचे नियम कुठल्या राजपत्रात छापलेले नाहीत. तरीही पिढ्यान्पिढ्या ती चालू आहे.

एका वृद्ध मच्छीमाराने मला ती समजावून सांगितली. मी तोडक्या तमिळमध्ये विचारले, "अय्या, पाळी मोडली तर?" ते म्हणाले, "सार, पाळी मोडली तर मुलीचे लग्न कोणत्या घरात करायचे?" आमच्या तक्त्यात दंडवसुलीचा रकाना होता. या उत्तरासाठी रकाना नव्हता.

ही पद्धत ऐकताना मला तुर्कस्तानातल्या अलान्याची आठवण झाली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या १९९० च्या पुस्तकात अलान्याच्या मच्छीमारांचे उदाहरण आहे. मूळ अभ्यास फिक्रेत बर्केस यांचा. तिथे दर सप्टेंबरला जागांची यादी होते आणि चिठ्ठ्या टाकतात. मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो आणि त्यानंतर मेपर्यंत पश्चिमेकडे. माशांच्या थव्यांच्या येण्याजाण्यामुळे होणारा नफातोटा त्यामुळे सगळ्यांत वाटला जातो. चोरी पकडायला पोलीस लागत नाहीत, कारण आपल्या पाळीच्या जागेवर दुसरा बसला असेल तर पहाटे पोहोचणाऱ्याला ते आधी दिसते.

आणि घरचेही उदाहरण आहेच. वसई, उत्तनपासून सातपाटी, डहाणूपर्यंत ज्यांचे लहानपण गेले त्यांना 'कव' हा शब्द माहीत असेल. डोल जाळे बांधण्यासाठी समुद्रात खुंट रोवून धरलेली जागा म्हणजे कव. कोणाची कव कुठे, हे कोळीवाड्यांना तोंडपाठ असते. पण वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांच्या कवी पालघरच्या बाजूला सरकत गेल्या आणि वाहती जाळी टाकणाऱ्या सातपाटीकडच्या मच्छीमारांशी त्यांचा वाद सुरू झाला. हा वाद कित्येक वर्षे चालला आहे. बैठका झाल्या, अधिकारी मध्यस्थ झाले, पुन्हा हंगामाच्या तोंडावर तोच प्रश्न आला. एका कोळीवाड्याच्या आत जी शिस्त उत्तम चालते तीच दोन समूहांच्या मध्ये आल्यावर कशी अडते, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसते. पुलिकतला मध्ये राज्याची सीमाही आहे. पाण्यावर तिची रेघ नाही, आणि दोन्ही बाजूंच्या मच्छीमारांचे तिच्यावरून खटके उडत आले आहेत. आमची समिती एका राज्याची. सरोवराच्या मोठ्या भागाबद्दल तिने एक अक्षरही विचारायचे नव्हते.

इथे एक गोष्ट प्रशासनातल्या मित्रांसाठी नमूद करावीशी वाटते. मार्टेन बाविंक नावाच्या डच अभ्यासकाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मासेमारीवर पुष्कळ काम केले आहे, त्यांचे पुस्तक २००१ चे आहे. त्यांचे निरीक्षण असे की, या किनाऱ्यावर गावपंचायतींचा कायदा आणि सरकारचा कायदा असे दोन कायदे एकाच पाण्यावर चालतात, आणि सरकारी अधिकारी व्यवहारात शांतता राखण्याला सर्वांत जास्त महत्त्व देतात. हे वाचताना मला हसू आले, कारण ते खरे आहे. जिल्ह्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारले जाते ते 'भांडण मिटले का' एवढेच. मासे वाढले का, हे विचारायला कोणी फोन करत नाही. त्यामुळे पंचायतीने ठरवले ते चालू द्यावे, त्यात अन्याय असला तरी गडबड नसली म्हणजे झाले, असा एक अलिखित करार तयार होतो. त्यालाच पुढे कागदावर सहव्यवस्थापन म्हणता येते.

सेन आणि निल्सन या दोघांनी १९९६ मध्ये सहव्यवस्थापनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिल्या पायरीवर सरकार नुसते कळवते. दुसरीवर विचारते, पण ठरवते आपणच. तिसरीवर दोघे बरोबरीने ठरवतात. चौथीवर मच्छीमार ठरवतात आणि सरकार शिक्का मारते. पाचवीवर ठरवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवलेले असते आणि ते सरकारला कळवतात. मी आमच्या समित्यांच्या बैठकांचे वृत्तांत या दृष्टीने पुन्हा वाचले. बहुतेक ठिकाणी 'माहिती देण्यात आली' असे वाक्य होते. थोड्या ठिकाणी 'चर्चा झाली'. समितीने एखादा सरकारी प्रस्ताव नाकारला आणि तो खरोखर मागे घेतला गेला, असे एकही उदाहरण मला त्या वह्यांत मिळाले नाही. पाडूच्या पंचायतीत मात्र नाकारणे रोजचे होते. म्हणजे ज्या संस्थेत निर्णय होत होते तिला आमच्या तक्त्यात जागा नव्हती, आणि जिला जागा होती तिच्यात निर्णय होत नव्हते.

मग पाडूलाच मान्यता द्यावी, असे कोणालाही वाटेल. मलाही त्या संध्याकाळी तसेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही इरुळरांच्या वस्तीवर गेलो. इरुळर ही अनुसूचित जमात आहे, आणि केंद्र सरकारच्या यादीत ती विशेष असुरक्षित जमातींमध्ये मोडते. पूर्वी साप आणि उंदीर धरणे, रानातून औषधी मुळ्या आणणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सापांच्या कातडीचा धंदा बंद झाला. किनाऱ्याजवळची काही कुटुंबे सरोवरात हाताने कोळंबी धरून जगतात. बायका कमरेएवढ्या पाण्यात वाकून, चिखलात बोटे फिरवत पुढे सरकतात आणि धरलेली कोळंबी तोंडात धरलेल्या किंवा गळ्यात अडकवलेल्या टोपलीत टाकतात. जाळे नाही, होडी नाही, म्हणून नोंदणी नाही, आणि म्हणून बंदीच्या काळातली मदतही सहसा नाही.

समितीच्या वहीत एका इरुळर महिलेचे नाव प्रतिनिधी म्हणून होते आणि प्रत्येक बैठकीपुढे अंगठा होता. मी त्या बाईंना भेटलो. बैठकीत काय ठरले, असे विचारले. त्या जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वही घरी येते. अंगठा देते. बैठक कुठे असते ते तुम्हीच सांगा." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मग त्यांनीच विचारले, खुंटांच्या जाळ्यांच्या आतल्या उथळ पाण्यात आम्हाला जाऊ देतील का, हे तुमच्या कागदात लिहिता येईल का? पाडूच्या जागांच्या जवळ गेले की हाकलतात, आणि मुख बुजत चालल्यापासून बाकीच्या उथळ भागात कोळंबी उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पाडूचे हक्क जन्माने मिळतात. विशिष्ट जातीच्या विशिष्ट गावांतल्या विवाहित पुरुषाला ते मिळतात. सॅरा कूल्थार्ड या अभ्यासिकेने २००८ मध्ये पुलिकतवर जे लिहिले त्यात या पद्धतीच्या दोन्ही बाजू आहेत. आतल्यांसाठी ती आधार आहे, कारण गरीब कुटुंबालाही पाळी चुकत नाही. बाहेरच्यांसाठी ती कुंपण आहे. पाडूबाहेरच्या गावांनी हक्क मागितल्याच्या आणि त्यावरून संघर्ष झाल्याच्या नोंदीही अभ्यासकांनी केल्या आहेत. चिठ्ठी टाकण्यातला न्याय पाहून मी प्रभावित झालो होतो. पण चिठ्ठ्यांच्या त्या भांड्यात कोणाची नावे असतात हा प्रश्न त्या बाईंनी न बोलता विचारला होता. ऑस्ट्रॉम यांच्या पहिल्याच तत्त्वात आहे की, हक्कदार कोण आणि बाहेरचे कोण याची सीमा स्पष्ट हवी. ती स्पष्ट असल्याशिवाय सामायिक संपत्ती टिकत नाही हे खरेच. पण सीमा स्पष्ट आहे एवढ्याने ती योग्य ठरत नाही, आणि हे ठरवायला आतल्यांपेक्षा वेगळा कोणीतरी लागतो. सहव्यवस्थापनात सरकारचे खरे काम इथे आहे, असे माझे मत आहे. नौका मोजणे किंवा प्रशिक्षणाचे फोटो काढणे हे दुय्यम.

आता त्या शेवटच्या रकान्याविषयी, म्हणजे मत्स्योत्पादनातील वाढ. हा रकाना पाहिला की मला चिलिका आठवते. ओरिसातल्या त्या सरोवराचे जुने मुख गाळाने निरुपयोगी झाले होते. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख उघडण्यात आले. १९९९-२००० मध्ये चिलिकात जेमतेम १,७०० टन मासळी मिळाली होती. २००१-०२ मध्ये ती १२,००० टनांच्या जवळ गेली. दोन वर्षांत सातपट. समजा, त्या वर्षी कोणी चिलिकाच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे मूल्यमापन आमच्या तक्त्याने केले असते, तर प्रत्येक संस्था 'उत्तम' ठरली असती. संस्थांनी मात्र त्या दोन वर्षांत वेगळे असे काही केलेले नव्हते. उलट तिथे पारंपरिक मच्छीमार आणि कोळंबीची घेरी बांधणारे यांच्यात इतका तणाव होता की १९९९ च्या मे महिन्यात गोळीबारात माणसे मेली होती. मासे मात्र वाढले, कारण समुद्राचे पाणी आत आले.

पुलिकतला नेमके उलटे होते. मुख वाळूने बुजते, उन्हाळ्यात मासे मिळत नाहीत, आणि रकान्यात समितीला शून्य मिळते. मुख कायम खुले ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंना दगडी बांध घालण्याची योजना तामिळनाडू सरकारने हाती घेतली आहे, आणि तिच्या मंजुऱ्यांना काही वर्षे लागली. दक्षिणेला एन्नोर ते काट्टुपळ्ळीच्या पट्ट्यात औष्णिक वीजकेंद्रे आणि बंदरे उभी राहिली. किनाऱ्यावरची वाळू कुठून निघते आणि कुठे साठते, हे तिथल्या बांधकामांशी जोडून गावकरी बोलतात. त्यांचे म्हणणे कितपत बरोबर हे तज्ज्ञांनी पाहावे. पण कोळंबीची संख्या ज्या निर्णयांवर ठरते ते निर्णय गावाच्या समितीपुढे कधीच येत नाहीत, एवढे कोणालाही दिसते. जे तिच्या हातात नाही त्याचे गुण तिला द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत, हा साधा नियम मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिला.

याबरोबर केरळच्या अष्टमुडीचे उदाहरण द्यायला हवे, कारण सहव्यवस्थापन यशस्वी झाले की नेहमी तिचेच नाव घेतले जाते. अष्टमुडीच्या खाडीत तिसऱ्या मिळतात. १९९१ च्या सुमारास भरमसाट उपसा झाला आणि पुढच्या दोन वर्षांत उत्पादन निम्म्यावर आले. मग मच्छीमारांनी, सी.एम.एफ.आर.आय.च्या शास्त्रज्ञांनी आणि राज्याने मिळून नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढायच्या नाहीत, जाळ्याचे भोक अमुक एवढे हवे, लहान तिसऱ्या निर्यातीला द्यायच्या नाहीत. साठा सावरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारी ती भारतातली पहिली. पुढे तिथल्या तिसऱ्या पुन्हा घटल्या आणि शास्त्रज्ञांना बीज सोडण्याचा उपक्रम हाती घ्यावा लागला. अष्टमुडी फसली असे यावरून मी म्हणणार नाही. तिथे हंगाम बंद ठेवायचा निर्णय घेणारे लोक ओळखता येतात, आणि साठा घटल्यावर पुन्हा एकत्र बसण्याची त्यांना सवय आहे. पण २०१४ मध्ये केलेले मूल्यमापन आज वापरता येणार नाही. आपण मात्र एकदा 'उत्तम' शेरा मारला की फाईल दहा वर्षे त्याच शेऱ्यावर चालवतो.

अहवाल लिहिण्याची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली ती त्या अंगठ्याची. खोट्या सह्यांचा उल्लेख केला असता तर तक्त्याप्रमाणे समिती 'असमाधानकारक' झाली असती. तिची मान्यता गेली असती. मग मुखाच्या कामावर गावाचा शब्द उरला नसता, आणि मुख बुजले की सर्वांत आधी उपाशी राहणारी माणसे म्हणजे तीच इरुळर वस्ती. उल्लेख केला नाही तर त्या बाई कागदावर कायमच्या हजर आणि प्रत्यक्षात कायमच्या गैरहजर राहिल्या असत्या. बरोबरच्या अधिकाऱ्याचे मत होते की, गुण तसेच ठेवावेत आणि तोंडी समज द्यावी. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला त्याच गावात पुढची दोन वर्षे काम करायचे होते.

आम्ही दोघे एक दिवस यावर बोलत राहिलो. शेवटी मी गुणांची बेरीज केली नाही. तक्ता भरला, पण बेरजेचा चौकोन रिकामा ठेवून त्यापुढे 'पाहा परिच्छेद' असे लिहिले. त्या परिच्छेदात पाडूची पद्धत वर्णन केली आणि तिला मान्यता देण्याची शिफारस दोन अटींवर केली. उथळ पाण्याचा एक पट्टा हाताने मासेमारी करणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा, आणि तो कुठला हे पंचायत व इरुळर वस्ती यांनी एकत्र पाण्यावर जाऊन ठरवावे. बैठक वर्षातून निदान दोनदा इरुळर वस्तीत व्हावी, म्हणजे वही कोणाच्या घरी न्यावी लागणार नाही. सह्यांबद्दल जे पाहिले ते सरळ लिहिले. पुढे असेही लिहिले की, यासाठी समितीची मान्यता काढू नये, कारण बैठका वस्तीपर्यंत नेण्यासाठी योजनेत प्रवासखर्चाची तरतूदच नव्हती. माझा अनुभव असा की, अशा अहवालात दोष आणि त्याचे कारण एकाच वाक्यात लिहावे. वेगवेगळे लिहिले की वरचे कार्यालय फक्त पहिले वाक्य वाचते.

त्या वृद्ध मच्छीमारांना मी अटींबद्दल सांगून आलो. ते म्हणाले, "पट्टा देऊ सार, पण पाळी देणार नाही." मला ते पुरेसे वाटले नाही, आणि मी तसे म्हणालो. त्यांनी विचारले, "तुमच्या गावी देतात का?" पालघरच्या कवींचा इतिहास डोळ्यांपुढे असताना मी काय उत्तर देणार? चहा पिऊन मी उठलो.

अहवाल स्वीकारला गेला. रिकाम्या चौकोनाबद्दल वरून दोनदा विचारणा झाली. दुसऱ्या वेळी मी तोच परिच्छेद पुन्हा जोडून पाठवला. समितीची मान्यता टिकली. उथळ पट्ट्यावर खुंट रोवून खूण केल्याचे त्या कनिष्ठ अधिकाऱ्याने काही महिन्यांनी फोनवर कळवले. पावसाळ्यानंतर दोन खुंट वाहून गेले आणि त्यावरून बोलाचाली झाली, हेही त्याने सांगितले. पंचायतीने ते पुन्हा रोवले. पाडूला औपचारिक मान्यता देण्याची शिफारस मात्र 'विधी विभागाच्या अभिप्रायासाठी' गेली आणि मी बदलून जाईपर्यंत परत आली नव्हती.

पुढच्या वर्षीचा छापील तक्ता मला एका मित्राने पाठवला. त्यात एक रकाना वाढला होता : 'बैठक कोणत्या वस्तीत झाली'. मत्स्योत्पादनातील वाढीचा रकाना जिथे होता तिथेच होता, गुणांसकट.